बुतांव

मांडवीच्या खाडीकडे उतरताना
डाव्या हाताला कैतान सोजचं दुकान.
पाटी नाही. कुणी न नेलेली एक विजार
वीस वर्षं दारात टांगलेली आहे,
वेंगुर्ल्यात तीच पाटी.

मी तिथं काजं करते, बटणं लावते.
शर्टाला सात, बाह्यांना दोन,
आणि आतल्या शिवणीला एक जास्तीचं,
हरवेल तेव्हासाठी.

कैतानबाब त्याला बटण म्हणत नाहीत.
बुतांव म्हणतात, शेवट नाकात घेऊन,
तपकीर ओढल्यासारखा.
मला वाटायचं, हा शब्द त्यांचाच,
मशीनच्या खणात, तेलाच्या कुपीशेजारी
जन्मलेला.

मग जुवांवचा फोन आला. त्यांचा भाचा,
बोटीवर लॉण्ड्रीत आहे. तीन हजार उतारू,
रोज रात्री त्यांच्या कपड्यांचा डोंगर
आणि तळाशी सुटलेली बटणं.
“मामा, तुजो बुतांव हयसर पण असा!”

एक इटलीची बाई बोत्तोने मागायला आली,
एक स्पेनचा म्हातारा बोतोन,
लिस्बनचा स्वयंपाकी तर थेट
मामाच्याच नाकातून बोलला.
फक्त जर्मन माणूस म्हणाला क्नोप्फ,
आणि ओठ मिटून घेतले.
(असू दे. आजोबांच्या बंडीलाही
गुंडीच होती, कापडाची,
ती शेवटपर्यंत बटण झाली नाही.)

सगळ्यात शेवटी एक फ्रेंच म्हातारी.
गळ्याशी धरलेला सदरा, मोकळा तळहात,
बुतों, म्हणाली ती.
जुवांव हसला तर तिला राग आला नाही.
फुलदाणीतल्या न उमललेल्या गुलाबावर
तिनं बोट ठेवलं: बुतों.
पोरसवदा वेटरच्या गालावरची पुटकुळी,
तीही बुतों.
मग अंगठ्यानं हवा ढकलली,
आतून बाहेर येतं ना काहीतरी, तसं.
तिथूनच निघालाय म्हणे हा शब्द.
ढकलण्यातून.

मी सुईत दोरा घालायची थांबले.
माझी आई आसोलीची.
चैत्राच्या तोंडावर सुरंगीवर चढायची
तांबडं फुटायच्या आत,
कारण ऊन लागलं की कळा उमलतो
आणि उमललेल्या कळ्याला भाव नाही.
फांदीच्या अंगालाच चिकटलेले ते,
देठ नखाएवढा,
कुणीतरी झाडाला टाचून ठेवल्यासारखे.
आई त्यांचा वळेसार करायची
आणि मी तिच्या शेजारी बसून
शाळेच्या झग्याला बटण लावायची.
दोघींच्या हातात एकच काम होतं
हे आम्हाला कुणी सांगितलं नाही.

“आणि काज?” मी विचारलं.
कैतानबाबांनी चष्मा कपाळावर सारला.
“काज नाय गो. काझा. घर.
पोर्तुगेज लोक घराक काझा म्हणतत,
बुतांवाच्या भोकाकय.”

म्हणजे इतकी वर्षं मी घरं शिवत होते.
एका शर्टाला नऊ. दीड रुपया घराला.

जुवांवकडे त्या सदऱ्याजोगं बटण नव्हतं.
निघताना मामानं खिशात कोंबलेली
करवंटीची चार होती, परुळ्याच्या माडाची,
इथंच घासून गुळगुळीत केलेली.
त्यातलं एक त्यानं लावून दिलं.
म्हातारी कुठल्यातरी बंदरावर उतरून गेली,
गळ्याशी आमची करवंटी,
तोंडात तिचा शब्द.

कैतानबाब बराच वेळ फोन कानाला धरून होते.
मग म्हणाले,
“पैशे घेतलंस मां?”

पलीकडे नुसतीच खरखर. पाणी असेल,
नाहीतर यंत्रं.
मी अंगठ्यानं बटण ढकललं,
ते काजात अडकलं,
जरा घट्ट आहे.
दोन धुण्यांत सैल होईल.